पोर्शे तापतेय? पाना उचलण्याआधी ‘केव्हा तापते’ ते शोधा

गाडी तापायला लागली की पहिला प्रश्न येतो तो ‘कोणता पार्ट बदलायचा?’ हा. मेकॅनिक थर्मोस्टॅटपासून (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह) सुरुवात करतो, मग वॉटर पंप, मग रेडिएटर. तिन्ही बदलून झाल्यावर कळतं की डाव्या बाजूचा फॅनच फिरत नव्हता. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय. गाडी कोणत्या परिस्थितीत तापते ते आधी नक्की करायचं, त्यानुसार तपासायचं आणि पाना सगळ्यात शेवटी उचलायचा.

उदाहरण म्हणून घेतोय पोर्शे बॉक्सस्टर (९८६ आणि ९८७ या पिढ्या), केमन आणि ९९६-९९७ पिढीची ९११. या गाड्यांचं इंजिन मध्ये किंवा मागे, आणि रेडिएटर पुढच्या बंपरमध्ये, डाव्या-उजव्या हेडलाइटखाली एकेक. काही मॉडेलना मधोमध तिसराही असतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव (बोलताना त्यालाच ‘पाणी’ म्हणतात), गाडीच्या पोटाखालच्या लांब पाइपांतून पुढे जातं, थंड होऊन परत मागे येतं. मॉडेलनुसार कमीजास्त, पण कूलिंग सिस्टिममध्ये वीस लिटरच्या आसपास कूलंट असतं. एवढा लांबचा प्रवास म्हटल्यावर वाटेत हवा अडकायला, पाइप गळायला आणि कचरा साचायला जागाही भरपूर. मध्ये इंजिन असलेल्या इतर बऱ्याच स्पोर्ट्स कारनाही खालचं बहुतेक सगळं लागू पडतं.

रस्त्यात काटा वर चढला तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा, काचा खाली करा. मे महिन्यात ही शिक्षाच आहे, पण हीटरचा कोअर हा छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. एसी बंद केल्याने पुढच्या रेडिएटरवर आदळणारी कंडेन्सरची (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) गरम हवाही थांबते.

मग डॅशबोर्डकडे बघा. तापमानाबरोबर बॅटरीचा दिवा लागलाय आणि स्टिअरिंग जड झालंय? मग बेल्ट तुटलाय. या इंजिनात ऑल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर आणि वॉटर पंप सगळे एकाच बेल्टवर चालतात. पाणीच फिरत नाहीये, त्यामुळे मिळेल तिथे बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. कूलंटचा दिवा लुकलुकत असेल, मागून वाफ येत असेल किंवा गाडीखाली पाण्याची धार दिसत असेल तरीही तेच.

यातलं काहीच नसेल आणि तुम्ही नुसते ट्रॅफिकमध्ये अडकले असाल, तर इंजिन बंद करण्याची घाई करू नका. न्यूट्रलमध्ये टाकून आरपीएम दोन हजारांपर्यंत न्या. पंप बेल्टवर चालतो, त्यामुळे आरपीएम वाढले की पाणी जोरात फिरतं. काटा खाली यायला लागला तर चालू ठेवा. मिनिटभरातही उतरला नाही, किंवा वरच चढला, तर बंद करा. ‘दोनच किलोमीटरवर गॅरेज आहे’ या विचाराने पुढे नेलेल्या गाड्यांचीच हेड (सिलिंडर वरून बंद करणारा इंजिनचा भाग) वाकतात.

कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. निदान तासभर थांबा, रबरी होज हाताने दाबून बघा. कडक लागला तर आत अजून दाब आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी कमी दिसली तर गाडीतल्या बाटलीतलं पिण्याचं पाणी घातलं तरी चालतं, पुढे फ्लश करून घेता येईल. तापलेल्या इंजिनात थंड पाणी मात्र कधीच नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला तडा जातो. आणि टोचन लावून ओढू नका, फ्लॅटबेडच मागवा. नाक खाली असलेली गाडी असल्याचं फोनवरच सांगा, म्हणजे ते लाकडी फळ्या घेऊन येतात.

काटा सगळं सांगत नाही

बहुतेक आधुनिक गाड्यांमध्ये तापमानाचा काटा मुद्दाम गुळगुळीत केलेला असतो. पाणी ८५ अंशांवर असो की १००, काटा जवळपास तिथेच. तो हलेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणारं डॅशबोर्डखालचं सॉकेट) लावायचा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर घ्या आणि फोनवर कूलंटचं खरं तापमान बघा. या लेखात सांगितलेल्या हत्यारांतलं हे सगळ्यात उपयोगी.

या इंजिनांचा मूळ थर्मोस्टॅट ऐंशीच्या मध्याला उघडायला लागतो. मोकळ्या रस्त्यावर ८५ ते ९५, सिग्नलला उभं राहिल्यावर १०० च्या आसपास जाऊन फॅन लागल्यावर पुन्हा खाली, हे चित्र ठीक. ११० च्या वर रेंगाळत असेल तर काहीतरी बिनसलंय. ११५ दिसलं की थांबा.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशेबही डोक्यात असू द्या. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो ते पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश आणि हवा २० असेल तर फरक ७५ चा. विदर्भातल्या ४२ अंशांत तोच फरक ५३ वर येतो, म्हणजे रेडिएटरची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटली. डांबराच्या जवळची, म्हणजे बंपरच्या तोंडाशी येणारी हवा त्याहूनही गरम. त्यामुळे जर्मनीत खपून जाणारी छोटीशी खोट नागपुरात लगेच उघडी पडते.

केव्हा तापते?

दोन-चार दिवस गाडी चालवताना फोनवरचे आकडे बघा आणि लिहून ठेवा.

फक्त उभं असताना किंवा रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेला लागली की उतरते: प्रश्न हवेचा. फॅन, फॅनचा रेझिस्टर, रिले, किंवा रेडिएटरसमोरचा कचरा.

हायवेवर शंभरच्या वेगातही तापते: तिथे फॅनची गरजच नसते, वाऱ्यानेच काम होतं. मग पाण्याचा प्रवाह बघा. पंपाची पाती तुटली असतील, रेडिएटर आतून बुजला असेल, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नसेल. कचरा फारच साठला असेल तर तोही इथे दिसतो.

काटा वरखाली उड्या मारतो आणि त्याच वेळी हीटरमधून अचानक थंड हवा येते: पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकलीये. ही खूण फारशी चुकत नाही.

थंड गाडी सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत होज दगडासारखे कडक होतात, टाकीत बुडबुडे येतात: ज्वलनाचा वायू पाण्यात घुसतोय. हेड गॅस्केट (हेडखालचं सील) किंवा हेड. यात घरी करण्यासारखं काही नाही.

इंजिन तापलंय पण पुढचे दोन्ही रेडिएटर गारच: थर्मोस्टॅट बंद अडकलाय, किंवा पंपच पाणी ढकलत नाहीये.

तपासणी, थंड गाडीवर

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीपासून सुरुवात करा. पातळी बघा. बॉक्सस्टरमध्ये कूलंटची टाकी मागच्या डिकीला लागून असते आणि तिला तडा गेला की डिकीतला गालिचा ओला होतो. गालिचा उचलून हात फिरवा, गोडसर वास येतोय का बघा. ९११ मध्ये टाकी इंजिनच्या खणात असते, पण तडे तिलाही जातात. तडा बहुधा मागच्या किंवा खालच्या बाजूला असल्याने वरून टाकी अगदी धडधाकट दिसते.

झाकणाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि ते सगळ्यात स्वस्त असतं. त्याचं काम दाब धरून ठेवणं. समुद्रसपाटीला उघडं पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ लाच. आत १ बार जादा दाब असेल तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेलं झाकण दाब सोडून देतं, १०५ वरच पाणी उकळायला लागतं आणि सगळं बरोबर असूनही गाडी पाणी फेकते. पोर्शेने ९८६-९९६ चं झाकण कित्येकदा सुधारलं. तुमच्या झाकणावरच्या पार्ट नंबरचे शेवटचे दोन आकडे ०४ नसतील तर फार विचार न करता नवं घ्या.

आता फॅन. इंजिन सुरू करून एसी लावला की दोन्ही बाजूंचे फॅन कमी वेगाने फिरायला हवेत. गुडघ्यावर बसून कान द्या, किंवा सरळ उदबत्ती पेटवून बंपरच्या तोंडाशी धरा. फॅन रेडिएटरच्या मागे असून हवा आत ओढतात, त्यामुळे धूर आत खेचला जायला हवा. एका बाजूला धूर आत जातोय आणि दुसऱ्या बाजूला सरळ वर, तर दुखणं सापडलं. कमी वेग मिळतो तो एका रेझिस्टरमधून. तो पाणी-चिखल खाऊन मरतो, आणि मग फॅन एकदम गाडी खूप तापल्यावरच पूर्ण जोरात ओरडत सुरू होतो. पुष्कळ जण ते ऐकून ‘फॅन तर चालतोय’ म्हणतात आणि पुढे जातात. फॅन बदलण्याआधी रेझिस्टर आणि रिले मल्टीमीटरने तपासून घ्या.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर इंजिन गरम झाल्यावर डाव्या आणि उजव्या रेडिएटरचे पाइप मोजा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर हे यंत्र बरंच कमी आकडा दाखवतं, म्हणून रबरी होजवर रोखा किंवा धातूवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर. दोन्ही बाजू साधारण सारख्या हव्यात. एक बाजू गरम आणि दुसरी कोमट असेल तर त्या बाजूला हवा अडकलीये किंवा रेडिएटर बुजलाय.

गळती डोळ्यांना दिसत नसेल तर प्रेशर टेस्ट करा. झाकणाच्या जागी हातपंपाचा अ‍ॅडॉप्टर बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरा आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघत बसा. उतरला की कुठेतरी थेंब पडतोच. इंजिनखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. गाडीतून पडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात.

ज्वलनवायूचा संशय असेल तर निळ्या रसायनाची ब्लॉक टेस्ट करतात. टाकीतली हवा त्यातून ओढली आणि रंग पिवळा झाला, तर इंजिन खोलावं लागणार.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळून दुधी चॉकलेटी चिखल झाला असेल तरी लगेच हेड फुटलं असं समजू नका. या इंजिनांवर तेल थंड करणारा एक हीट एक्स्चेंजर असतो, त्यात तेल आणि कूलंट शेजारी-शेजारी वाहतात. तो आतून गळला तरी हाच चिखल दिसतो, आणि तो बदलणं इंजिन खोलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. आधी तो वेगळा काढून प्रेशर टेस्ट करायला सांगा.

बंपर काढून सफाई

माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्याअधिक तक्रारी इथेच मिटतात, आणि नेमकं हेच काम टाळलं जातं, कारण बंपर काढायला वेळ लागतो. आयएमएस बेअरिंगवर (या इंजिनांतलं इंटरमीडिएट शाफ्टचं बदनाम बेअरिंग) रात्र-रात्र वाद घालणारे मालकही हा कचरा कधी बघत नाहीत.

पुढच्या दोन मोठ्या तोंडांतून आलेली पानं आधी एसीच्या कंडेन्सरवर आदळतात. बारीक कचरा कंडेन्सरच्या कडेने निसटून त्याच्यामागे, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जाऊन बसतो. बाहेरून टॉर्च मारली तर फक्त कंडेन्सर दिसतो, तोही स्वच्छ. आतमध्ये गुलमोहराची बारीक पानं, एप्रिलमध्ये उडणारा काटेसावरीचा कापूस, किडे, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे आणि पावसाळ्यातला चिखल मिळून गोधडीसारखा थर झालेला असतो. त्यातून वारा जायचा कसा?

बॅटरीची तार सोडा. पुढच्या चाकांच्या खोबणीतलं प्लॅस्टिकचं अस्तर सैल करा, बंपरचे वरचे, खालचे आणि बाजूचे स्क्रू काढा, इंडिकेटर आणि फॉगलाइटच्या वायरी सोडवा. दोन माणसं असतील तर बंपर सहज पुढे निघतो. स्क्रू कोणत्या जागचा ते फोनवर फोटो काढून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. मग कंडेन्सरचे स्क्रू काढून तो पुढे झुकवा. एसीच्या नळ्या उघडायच्या नाहीत, गॅस सोडायचा नाही. कंडेन्सर नळ्यांवर अलगद लटकतो, फक्त त्या मुडपू देऊ नका.

मोठा कचरा हाताने उचला, उरलेला व्हॅक्यूमने ओढा. नंतर मऊ ब्रशने उभ्या दिशेने झाडा आणि कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुवा. सर्व्हिस स्टेशनवाल्याला प्रेशर वॉशर मारू देऊ नका. जाळीची पाती इतकी पातळ असतात की एका फटकाऱ्यात आडवी होतात आणि त्यातून हवा कायमची बंद होते.

सगळं उघडं असतानाच हवेचे डक्ट तपासा. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत हवा नेणारे हे प्लॅस्टिकचे नळकांडे स्पीडब्रेकरला घासून तुटतात किंवा निखळतात. मग हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी आजूबाजूच्या मोकळ्या वाटेने निघून जाते. रेडिएटर नवा, फॅन नवे आणि डक्ट गायब, अशा गाड्या असतात. तिसरा रेडिएटर असलेल्या गाडीत नंबर प्लेट मधल्या तोंडावर आडवी ठोकलेली असेल तर ती वर सरकवा.

पुन्हा कचरा जाऊ नये म्हणून तोंडांना जाळी लावतात. लावायला हरकत नाही, पण भोकं मोठी हवीत. डासांची जाळी लावली तर हवाही अडते.

पंप आणि थर्मोस्टॅट

वॉटर पंपाची पाती मूळ डिझाइनमध्ये प्लॅस्टिकची आहेत. जुनी झाली की ती तुटतात आणि तुकडे पाण्याबरोबर इंजिनच्या आतल्या वाटांमध्ये जाऊन अडकतात. म्हणून पंप गळायची वाट बघत बसू नका. जुन्या गाडीची सर्व्हिस हिस्ट्री कळत नसेल तर घेतल्या घेतल्या बदलून टाका आणि निघालेली पाती मोजा. एखादं कमी असेल तर आतली वाट साफ केल्याशिवाय नवा पंप लावू नका. धातूच्या पात्यांचे पंपही मिळतात. पण पंपाचं अर्धं घर इंजिनच्या केसमध्येच आहे. बेअरिंग सैल झालं तर धातूचं पातं थेट केस खरवडतं, त्यामुळे माझं मत अस्सल प्लॅस्टिकच्या बाजूने. पंपाबरोबर बेल्ट आणि थर्मोस्टॅटही बदला, तितकंच खोलावं लागतं.

जुना थर्मोस्टॅट फेकण्याआधी त्याची परीक्षा घ्या. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, बाजूला स्वयंपाकाचा थर्मामीटर. मंद आचेवर तापवा आणि कधी उघडायला लागतो, पूर्ण उघडतो का ते बघा. बुडाला टेकवू नका, खोटा आकडा येतो. पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही हे आधी घरात सांगून ठेवा.

७१ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट लावून तापण्याचा प्रश्न सुटतो असं सांगणारे भेटतील. त्याने गाडी रोजच्या वापरात थोडी गार राहते हे खरं. पण रेडिएटरची ताकद वाढत नाही. पूर्ण उघडल्यावर दोन्ही थर्मोस्टॅट सारखेच, आणि ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या गाडीत जुनाही पूर्ण उघडाच असतो.

९९६-९९७ च्या टर्बो, जीटी२, जीटी३ मालकांनी आणखी एक गोष्ट तपासायची. त्या इंजिनांवर कूलंटचे काही नळ अ‍ॅल्युमिनियमच्या घरात चक्क गोंदाने चिकटवलेले आहेत. वर्षानुवर्षं तापून गोंद सुटतो, नळ निखळतो आणि सगळं कूलंट मागच्या टायरसमोर सांडतं. ट्रॅकवर असं झालं तर गाडी घसरून गरकन फिरणारच. इंजिन कधी खाली उतरवलं तर हे नळ वेल्ड करून किंवा पिन ठोकून पक्के करून घ्या.

कूलंट भरताना

कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या आत थर धरतात. वेगवेगळ्या जातीची कूलंट मिसळू नका. नुसता रंग बघून जात ओळखता येत नाही, डब्यावरचं स्पेसिफिकेशन वाचा.

एवढ्या लांब पाइपांमध्ये वरून ओतून भरलं तर हवा हमखास अडकते. चांगला मार्ग म्हणजे व्हॅक्यूम फिलर. कॉम्प्रेसर लावून सिस्टिममधली हवा आधी ओढून घ्यायची, काही मिनिटं काटा स्थिर राहतो का बघायचं, मग त्याच निर्वाताने कूलंट आत खेचू द्यायचं. हे यंत्र नसेल तर टाकीच्या झाकणाजवळची हवा सोडायची तारेची कडी वर उचलून ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हळूहळू भरा, इंजिन गरम होऊ द्या, थंड होऊ द्या, पुन्हा भरा. काही दिवस पातळी उतरत राहील, ते अपेक्षितच. पातळी स्थिरावली की कडी खाली दाबायला विसरू नका.

घाट आणि ट्रॅक

शनिवारच्या खंडाळ्यात ट्रकांच्या मागे चढताना पीडीके (पोर्शेचा ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला वरचा गिअर पकडते. आरपीएम पडतात, पंप मंद फिरतो आणि इंजिनवर भार पूर्ण. मॅन्युअल मोड लावा आणि आरपीएम तीन हजारांच्या आसपास ठेवा.

इरुंगट्टुकोट्टाई, कोईमतूर किंवा बुद्ध सर्किटला नेणार असाल तर ट्रॅकचे नियम आधी वाचा. ग्लायकॉल सांडलं की डांबर निसरडं होतं, म्हणून अनेक ठिकाणी त्यावर बंदी असते. तिथे डिस्टिल्ड वॉटर आणि गंज रोखणारं अ‍ॅडिटिव्ह भरतात. उष्णता वाहून न्यायला पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच असतं. परत आल्यावर मात्र निम्मं-निम्मं पुन्हा भरा.

ट्रॅकवर पाण्याबरोबर तेलाचंही तापमान बघा. १२० अंशांपर्यंत ठीक, १३० च्या वर गेलं तर पिटमध्ये या. शेवटचा राउंड निवांत, वरच्या गिअरमध्ये, ब्रेक न तापवता मारा. पिटमध्ये आल्या आल्या बंद करू नका. पंप थांबला की हेडमधली उष्णता जागच्या जागी पाणी उकळवते. मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवा, मग बंद करा, आणि ९११ असेल तर मागचं इंजिनचं झाकण थोडं उघडं ठेवा.

काम झाल्यावर आधीच्याच रस्त्यावर, त्याच ट्रॅफिकमध्ये गाडी न्या आणि आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी नवे आकडे ताडून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीची पातळी, आठवड्याने पुन्हा पातळी आणि खालचा पुठ्ठा. दोन्ही वेळा कोरडं निघालं की मगच कोकणात न्या.